विद्यापीठ चर्चगेटला, मुली नालासोपाऱ्यात

फी माफ केली म्हणजे मुली शिकल्या, असा सरकारचा समज दिसतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगलाच आहे. पण त्यानंतरही प्रवेशाच्या खिडकीवर ‘आधी भरा, मग परत मिळेल’ हे ऐकावे लागते आणि मंत्र्यांना महाविद्यालयांना दम भरत बसावे लागते, ही संतापाची गोष्ट आहे.

आणि जाण्यायेण्याचे काय? महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ, एसएनडीटी, पश्चिम रेल्वेच्या एका टोकाला. 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेले वसई-विरार दुसऱ्या टोकाला. मधे 60 किलोमीटर. सकाळी सहाला नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभे राहून पाहा. विरारहून येणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मुली आधी उलट्या विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. सॅक पोटाशी, ओढणीला गाठ. याच वसई-विरारमध्ये, चिंचपाड्यात, जून 2024 मध्ये भररस्त्यात एका तरुणीचा जीव घेतला गेला आणि माणसे बघत राहिली. इथली आई लेकीला अंधारात स्टेशनवर धाडताना काय जीव मुठीत धरते, ते मंत्रालयात कुणी विचारात घेतले आहे का? शेवटी ती म्हणते, ‘पुरे झालं, इथेच काहीतरी कोर्स कर.’ शिक्षण तिथे तुटते, फीच्या खिडकीवर नव्हे. जव्हार-विक्रमगडच्या मुलीला तर आधी रेल्वे स्टेशनच गाठायचे असते.

1916 मध्ये कर्व्यांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली घेऊन हे विद्यापीठ सुरू केले, तेही मातृभाषेतून. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये दिले. तेव्हा एका माणसाची जिद्द आणि एका माणसाची थैली पुरली. आज अख्ख्या सरकारला जमत नाही? हेच विद्यापीठ बल्लारपूरला गेले, योग्यच झाले. मग वसई-विरारलाही ते आलेच पाहिजे. एखादे केंद्र आणि दारावर पाटी नको. पूर्ण संकुल हवे, वसतिगृहासह, स्टेशनवरून पायी जाता येईल अशा जागी. टॉवरांना इथे जमीन मिळते, मुलींच्या विद्यापीठालाही मिळाली पाहिजे. महापालिकेने जागा सांगावी, सरकारने पैसा आणि तारीख. पुढच्या प्रवेशांच्या आत.