बिल्ला मागणारा अतिमानव

गेल्या महिन्यात अभ्यासवर्ग संपल्यावर चहाच्या वेळी एका तरुण साथीने मला हटकले. अमेरिकन चित्रकथांचा तो मोठा वाचक आहे. त्याचे म्हणणे असे की, आम्ही जुनी मंडळी या सुपरहिरोंना साम्राज्यशाहीची खेळणी म्हणून उगाच हिणवतो. ते आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आजचा अतिमानव दारूत बुडतो, अमली पदार्थांच्या आहारी जातो, सोबत्यांच्या नकळत सत्तेला बातम्या पुरवतो आणि त्या पापाच्या ओझ्याखाली आतून पोखरला जातो. 'हा वास्तववाद नव्हे काय?' असा त्याचा सवाल होता. मी काही उत्तर देण्याआधीच गप्पांचा ओघ बदलला आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या एका जुन्या साथीवर येऊन ठेपला. तो पितो, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणीतरी म्हणाले, 'असा माणूस कधी फुटेल याचा नेम नाही.' चारपाच जणांनी माना डोलावल्या. त्यांत मीही होतो.

घरी परतताना लक्षात आले की, त्या तरुणाचा सवाल आणि आमची ती डोललेली मान या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. म्हणून हे उत्तर जाहीरपणे देतो आहे.

प्रथम चित्रकथांविषयी. अमेरिकन प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिच्यामुळे अमली पदार्थांचा विषय त्या पानांवर येऊ शकत नव्हता. १९७१ साली स्पायडरमॅनच्या तीन अंकांनी ही संहिता मोडली. नायकाचा मित्र त्यांत गोळ्यांच्या आहारी जातो. मोठे बंड म्हणून त्याचे कौतुक होते. परंतु हे बंड झाले ते निक्सन सरकारच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या विनंतीवरून! सरकारने लेखकाला पत्र लिहावे आणि लेखकाने बंड करावे, अशी बंडे आपल्याकडेही होत असतात. संहिता त्याच वर्षी सैल झाली आणि लगोलग ग्रीन ॲरोचा तरुण साथीदार स्वतःच्या हाताने हेरॉइन टोचून घेताना चित्रित झाला.

यापुढची पायरी म्हणजे १९७९ सालचा आयर्न मॅन. पोलादी चिलखतातला हा कारखानदार मद्यपी झाला आणि काही अंकांत सावरलाही. या कथेला मानवी म्हणतात, आणि एका अर्थी ती आहेही; व्यसनी माणसाची लाज तिने बरी रंगवली आहे. पण या पात्राचा जन्म कोठला? १९६३ सालची पहिली कथा काढून पाहा. ती घडते व्हिएतनाममध्ये, आणि नायक आहे अमेरिकन लष्कराला शस्त्रे पुरवणारा कोट्यधीश. पुढे त्याच्या लेखकांनाही हे अवघड वाटू लागले व त्यांनी त्याचा शस्त्रांचा धंदा बंद करविला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरी वाचकाच्या मनात कोरले गेले ते कोणते पाप? बाटलीचे. कारखान्याचे नव्हे. बाटली एका माणसाच्या हातात असते. ती फोडली की कथा संपते. कारखान्याला भागधारक असतात, गिऱ्हाईक म्हणून सरकार असते, आणि तो शेवटच्या पानावर फोडता येत नाही.

आता खऱ्या जगातल्या अतिमानवाकडे वळू. त्याचे नाव एल्विस प्रेस्ली. मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावी १९३५ साली दोन खोल्यांच्या लाकडी घरात तो जन्मला. तीन वर्षांनी त्याच्या बापाला एका डुकराच्या विक्रीच्या चेकवरची रक्कम बदलल्याबद्दल पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात पाठवण्यात आले. पोरगा वाढला दारिद्र्यात, ट्रक हाकला, आणि काळ्या गायकांकडून जे शिकला त्यावर जगाचा लाडका झाला. लहानपणी त्याला कॅप्टन मार्व्हल ज्युनियरच्या चित्रकथांचे वेड होते. पुढे मंचावर येताना पाठीवर केप आणि चिन्ह म्हणून विजेची रेघ, ही त्याच वेडाची खूण मानली जाते. म्हणजे अतिमानव हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

२१ डिसेंबर १९७० च्या पहाटे हा माणूस व्हाइट हाउसच्या फाटकाशी आला आणि त्याने स्वहस्ते एक पत्र दिले. विमानप्रवासात, विमान कंपनीच्याच कागदांवर लिहिलेले सहा पानांचे पत्र. अमली पदार्थांच्या नादी लागलेली मंडळी, हिप्पी, डाव्या विद्यार्थ्यांची एसडीएस ही संघटना आणि ब्लॅक पँथर हे मला शत्रू समजत नाहीत, तेव्हा मी देशाच्या उपयोगी पडू शकेन, असा त्याचा आशय होता. अमली पदार्थ आणि कम्युनिस्टांचे बुद्धिभेदाचे तंत्र यांचा आपण सखोल अभ्यास केला आहे, असाही दावा त्यात होता. त्याला हवा होता अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला. खात्याच्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी नकार दिला होता. निक्सनने भेटीत तो मिळवून दिला. भेटीत प्रेस्लीने बीटल्स अमेरिकेविरुद्ध भावना पसरवतात अशी चुगलीही केली. भेट गुप्त ठेवावी ही विनंती त्याचीच होती. दहा दिवसांनी, ३१ डिसेंबरला, तो एफबीआयच्या मुख्यालयात गेला आणि आपल्या कानावर येणारी माहिती कर्नल बरोज या टोपणनावाने गुपचूप पुरवण्याची तयारी त्याने दाखवली. संचालक हूव्हरने भेट दिली नाही. लांब केस आणि चमत्कारिक पोशाख हे कारण खात्याच्या टिपणात नोंदलेले आहे. सरंजामी दरबारातही विदूषकाला याहून बरी वागणूक मिळत असे.

आणि याच काळात प्रेस्ली स्वतः गोळ्यांशिवाय झोपू शकत नव्हता व गोळ्यांशिवाय जागा राहू शकत नव्हता. लष्करी सेवेच्या दिवसांपासूनचे ते व्यसन होते. १६ ऑगस्ट १९७७ रोजी बेचाळिसाव्या वर्षी तो मेला. त्या वर्षीच्या आठ महिन्यांत त्याच्या डॉक्टरने त्याच्या नावावर दहा हजारांहून अधिक मात्रा लिहून दिल्या होत्या. डॉक्टरवर १९८० साली वैद्यक मंडळाने तीन महिन्यांची निलंबनाची कारवाई केली, १९८१ साली फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. परवाना कायमचा गेला तो १९९५ साली.

आमचा तरुण मित्र म्हणेल, पाहा, हीच ती शोकान्तिका: व्यसनी महानायक, गुप्त खबऱ्या, आतला कोलाहल. मला त्या माणसाची कीव येते हे मी लपवत नाही. गरिबाचे पोर तुरुंगाच्या सावलीतून निघते आणि सगळे जग जिंकल्यावर पोलिसांचा बिल्ला मागत फिरते, यात हसण्यासारखे थोडेच आहे. परंतु त्याने ज्यांची नावे त्या पत्रात लिहिली, त्यांचे काय चालले होते ते बघा.

त्या पत्राच्या एक वर्ष आणि सतरा दिवस आधी, ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास, शिकागोत पोलिसांनी ब्लॅक पँथर पक्षाच्या फ्रेड हॅम्प्टनच्या घरावर छापा घातला. हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फुकट न्याहारी चालवणारा, आणि काळे, पोर्तो रिकन व गरीब गोरे यांची एकजूट बांधणारा संघटक. पोलिसांनी नव्वदाहून अधिक गोळ्या झाडल्या. आतून झाडली गेली असली तर एक. हॅम्प्टन बिछान्यातच मारला गेला, मार्क क्लार्क हा दुसरा कार्यकर्ताही मेला. घराचा नकाशा एफबीआयला दिला होता विल्यम ओनील याने. तो पक्षाचा सुरक्षाप्रमुख होता. मोटारचोरीत सापडलेल्या या पोराला एफबीआयच्या माणसाने खटला की खबर असा सौदा घातला आणि पक्षात धाडले. छाप्यानंतर त्याला तीनशे डॉलरांचे बक्षीस मिळाले. १९९० साली ओनीलने मृत्यूला कवटाळले, असा निष्कर्ष नोंदवला गेला.

येथे दोन खबरे समोरासमोर उभे आहेत. एक श्रीमंत, गोरा, व्यसनी. तो स्वतःहून गेला, त्याच्या माहितीची कोणाला गरज नव्हती, तरी त्याला बिल्ला आणि राष्ट्राध्यक्षाबरोबर छायाचित्र मिळाले. दुसरा गरीब, काळा, किरकोळ गुन्हेगार. त्याला गळाला लावले गेले, त्याच्या माहितीने दोन माणसे मेली, आणि त्याला मिळाले तीनशे डॉलर. 'आतला कोलाहल' दोघांचाही असेल. पण या दोघांत फरक करणारी गोष्ट कोलाहलात सापडणार नाही. ती सापडेल खबऱ्या कोणी घडवला, कशाच्या धाकाने, आणि कोणावर सोडला या प्रश्नांत. आणि हेच तीन प्रश्न चित्रकथा विचारीत नाही.

हा धाक पुढे कायद्यातच शिरला. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा केला त्यात गरीब वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या क्रॅकच्या ५ ग्रॅमला तीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली जी श्रीमंतांच्या कोकेन भुकटीच्या ५०० ग्रॅमला होती. शंभरास एक! हे प्रमाण २०१० साली अठरास एकवर आले. समतेच्या दिशेने ही त्या प्रजासत्ताकाची झेप. परंतु किमान शिक्षेहून घातक होते ते तिच्यातून सुटण्याचे दार. न्यायाधीशाला दया आली तरी तो शिक्षा या किमान मर्यादेखाली आणू शकत नव्हता. सरकारी वकिलाने 'आरोपीने भरीव मदत केली' असा अर्ज दिला तरच ते शक्य होते. भरीव मदत म्हणजे दुसऱ्याचे नाव. ज्याच्यापाशी सांगायला नावे आहेत, तो म्हणजे धंद्यातला वरचा माणूस, सुटतो. ज्याच्यापाशी पुडीखेरीज काही नाही, तो सडतो, किंवा नावे रचतो. अशा रीतीने एका गरीब वस्तीत प्रत्येकाने प्रत्येकाकडे संशयाने पाहावे अशी व्यवस्था उभी राहते, आणि तीसाठी कोणाचेही चारित्र्य दुबळे असण्याची आवश्यकता नसते.

चित्रकथांच्या चाहत्याला मी एक पुस्तक वाचायला सांगेन. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची १९७७ सालची 'अ स्कॅनर डार्कली' ही कादंबरी. तिचा नायक गुप्त पोलीस आहे, हेरगिरीसाठी व्यसनी टोळक्यात राहताराहता व्यसनी झालेला. आणि वरिष्ठ त्याच्यावर कामगिरी सोपवतात ती स्वतःवरच पाळत ठेवण्याची. अखेरीस ज्या संस्थेत व्यसनी बरे होण्यासाठी ठेवले जातात, तिच्याच शेतात त्या विषाचे पीक निघते. डिक समाजवादी वगैरे काही नव्हता. स्वतः व्यसनातून गेलेला, अनेक मित्र गमावलेला माणूस होता. पण त्याने शेत दाखवले. वास्तववाद हा शब्द वापरायचाच तर तेथे वापरावा.

आता आमच्या डोललेल्या मानेविषयी. फितूर कसा ओळखावा, हा प्रश्न चळवळीत नेहमीच असतो. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, भूमिगत राहिलेल्या साथींना त्याची धग ठाऊक आहे. म्हणूनच विल्यम अल्बर्टसनची हकीगत सांगतो. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा हा न्यू यॉर्कमधला पदाधिकारी, स्मिथ कायद्याखाली खटला भोगलेला, आयुष्य पक्षात घातलेला. १९६४ साली एका सहकाऱ्याच्या मोटारीत एक चिठ्ठी सापडली. अक्षर अल्बर्टसनचे, खाली सही 'बिल', मजकूर एफबीआयच्या माणसाला उद्देशून, आणि त्यात खर्चवाढीची मागणी. पक्षाने हस्ताक्षरतज्ज्ञांना विचारले; त्यांनी अक्षर त्याचेच ठरवले. पक्षाने त्याला हेर म्हणून जाहीरपणे काढून टाकले. तो शेवटपर्यंत नाकारत राहिला. जन्मभराचे मित्र तोंड फिरवू लागले. १९७२ साली तो वारला. पुढे सरकारी कागद उघड झाले तेव्हा कळले की चिठ्ठी एफबीआयनेच बनवली होती आणि मोटारीत पेरली होती. १९८९ साली सरकारने त्याच्या विधवेशी १,७०,००० डॉलरांची तडजोड केली.

हे तंत्र त्यांनी ब्लॅक पँथरांवरही वापरले. खरा खबऱ्या पेरायला खर्च येतो. निष्ठावंताला खबऱ्या ठरवायला एक कागद पुरतो, आणि तो कागद खरा मानायला तयार असलेले चारपाच सोबती. ओनील दारुड्या म्हणून कोणाच्या डोळ्यांत आला नव्हता. तो सुरक्षाप्रमुख होता, सर्वांत कडक, इतरांवर संशय घेण्यात आघाडीवर. अल्बर्टसनवर शिक्का मारणाऱ्यांपैकी एकानेही, या चिठ्ठीने कोणाचा फायदा होतो, असा प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला नाही. आम्ही मात्र कागदाचीही वाट पाहिली नाही. एक मनुष्य पितो, एवढे आम्हांला पुरले. ज्या चित्रकथेला मी नावे ठेवत होतो, तिचेच तर्कशास्त्र.

तो साथी पितो हे खरे आहे आणि त्याने ती सोडावी असे मला वाटते. त्याच्या बायकोला त्याहून अधिक वाटते. बंद पडलेल्या कारखान्याच्या थकलेल्या देण्यांसाठी तो बारा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे, आणि त्या कामगारांची यादी आजही त्याच्याच पिशवीत असते. त्याच्यासाठी काय करता येईल, याची चौकशी अभ्यासवर्गातल्या एकानेही केली नव्हती. पुढची बैठक रविवारी आहे. तिचे निमंत्रण त्याला अद्याप गेलेले नाही, असे कळते. चिटणिसांनी ते आजच पाठवावे.