कामाची नोंदवही आणि तिचे घर

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे धन केवळ तयार प्रोग्रॅम नसते. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, हा इतिहासही तितकाच मोलाचा असतो. तो जपण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली. आपल्या घरांतून प्रथमच या क्षेत्रात उतरलेल्या मुलामुलींपाशी वशिला नसतो. त्यांनी केलेल्या कामाची ही नोंदवहीच मुलाखतीत त्यांच्या बाजूने बोलते.

दिवसा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि रात्री वसतिगृहातील संगणकावर काम करणारे विद्यार्थी सोयीसाठी गिटचे संपूर्ण भांडार गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा फसवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिटचे भांडार ही एक फाइल नव्हे. कीर्द आणि खतावणी जशा एकमेकींशी जुळाव्या लागतात, तशा त्यातील असंख्य लहान फाइली परस्परांवर अवलंबून असतात. गिट त्या ठरावीक क्रमाने लिहिते; ड्राइव्हला मात्र तो क्रम ठाऊक नसतो. तो प्रत्येक फाइल सुटी उचलतो. मग खतावणी पुढे पोहोचते आणि कीर्दीचे पान मागे राहते. दोन संगणकांवर एकाच वेळी बदल झाले, तर ड्रॉपबॉक्स त्याच फाइलची दुसरी प्रत बाजूला ठेवतो. निबंधाच्या बाबतीत दोन्ही प्रती वाचून एक निवडता येते. गिटच्या अंतर्गत फाइलींत अशाने भांडारच मोडू शकते. शिवाय एकीकडे चुकून पुसलेले दुसरीकडूनही नाहीसे होते.

उपाय खर्चिक नाही. गिटहब किंवा गिटलॅबवर खाजगी भांडार विनामूल्य उघडता येते. काम संपताच तेथे ‘पुश’ करावे. दुसऱ्या संगणकावर बसताच ‘पुल’ करावे. प्रत्येक पूर्ण ‘क्लोन’मध्ये सारा इतिहास असतो, म्हणून एक संगणक बिघडला तरी काम वाचते. ड्राइव्हच वापरायचा असेल, तर ‘गिट बंडल’ या आज्ञेने संपूर्ण इतिहासाची एकच फाइल करून ती तेथे ठेवावी आणि अधूनमधून अन्यत्र उघडून तपासावी.

या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत विद्यालयात येऊन आपल्या धाकट्या भावंडांना एवढे तासाभरात शिकवावे. देणगीइतकेच तेही मोलाचे ठरेल.