पाटी लावली म्हणजे दार विकले नव्हे

नको असलेला फोन आला तर उचलू नये, नको असलेला निरोप आला तर पुसून टाकावा, असा एक साळसूद उपदेश हल्ली जो तो करतो. उपदेशक बहुधा पगारी नोकर असतात. अनोळखी फोन घेतला नाही म्हणून त्यांची चूल थंड पडत नाही. शाळामास्तर म्हणून मलाही हा उपदेश परवडेल. लेखक म्हणून परवडणार नाही. औशाच्या बाजारात एक फेरी मारून पाहावी. मंडपवाला, फोटोग्राफर, बोअरची मोटार दुरुस्त करणारा, यांच्या पाटीवर नावापेक्षा ठळक असतात ते दहा आकडे. त्यांचे नवे गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येते. त्यांनी फोन घेऊ नये म्हणजे दुकान मांडून शटर खाली ओढून बसावे!

लेखकाची गत निराळी नाही. पुस्तकात नंबर छापायचा तो वाचकासाठी. त्यावर येते काय? कर्ज घ्या, पुस्तकाची जाहिरात करून देतो, इतके भरा म्हणजे संग्रहात कविता घेतो. या सर्वांवर कडी म्हणजे पुरस्कार. ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात, साहित्यसेवेची थोरवी, राज्यस्तरीय सन्मानासाठी निवड; आणि शेवटी नोंदणी शुल्क व आज रात्रीपर्यंतची मुदत. मला आलेल्या अशा एकाही निरोपात माझ्या पुस्तकाचे नाव नव्हते. साहित्य अकादमी पुरस्कार देते तेव्हा लेखकाच्या हाती एक लाख रुपये आणि ताम्रपट ठेवते. इथे पदरमोड लेखकानेच करायची! याला पुरस्कार म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात.

कायदा नाही असे नाही. १९०९ वर कळवून जाहिराती बंद करता येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत; २०२५ मध्ये तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली. उत्तम झाले. पण हे सारे फोन आणि एसएमएसपुरते. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल त्या कुंपणाबाहेर आहेत, आणि बाजार केव्हाच तिकडे सरकला आहे.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. संमती हा त्याचा गाभा. परंतु त्याचे तिसरेच कलम म्हणते की, ज्याने आपली माहिती स्वतः जाहीर केली, त्या माहितीला हा कायदा लागू नाही. तिथे उदाहरण दिले आहे तेही आपले विचार लिहून प्रसिद्ध करणाऱ्या व्यक्तीचे! म्हणजे नंबर जाहीर केल्यावाचून ज्याचे पोट भरत नाही, नेमका तोच उघड्यावर. वैद्याने दारावर पाटी लावली ती रोग्यांसाठी. फेरीवाल्याने रात्री अकराला माजघरात शिरावे असा तिचा अर्थ नाही. माहिती ज्या कामासाठी जाहीर केली त्या कामापुरतीच ती जाहीर मानावी, आणि परवानगी मिळवण्याचा भार दार ठोठावणाऱ्यावर असावा, एवढीच मागणी आहे.

कोणी म्हणेल, विकणाराही पोटासाठीच विकतो. आणि न मागता पत्र लिहिलेच नाही तर नवा धंदा उभा राहायचा कसा? फोनवर बोलणारी पोरे पोटासाठीच बोलतात, हे खरे. त्यांना शिव्या घालण्यात पुरुषार्थ नाही. जाब मालकाला विचारावा. आणि माझे पुस्तक वाचून एका माणसाने मला लिहिलेले पत्र निराळे, हजार नंबरांवर एकदम सोडलेला ‘आदरणीय सर’ निराळा. पहिल्याला ठाऊक असते की तो कोणाशी बोलतो आहे.

यात वेळ जातो, हे दुःख लहान आहे. मोठे दुःख असे की गोड बोलण्यावरचा विश्वास उडाला. निलंग्याहून एखादा वाचक आदराने ‘सर’ म्हणाला, की आता हा किती मागणार, असा संशय आधी येतो, आणि उत्तर कोरडे जाते. वाचकाच्या भाषेचीच ही चोरी आहे.

या चोरीचा माल घेणारे आपल्यातच आहेत. शुल्क भरून आणलेली सन्मानचिन्हे दिवाणखान्यात मांडतात, त्यांची यादी मलपृष्ठावर छापतात, आणि पुढच्या निरोपाला भांडवल पुरवतात. कायदा बदलेल तेव्हा बदलो. आपल्या परिचयातून विकत घेतलेले मान गाळण्यासाठी आपण कोणत्या विधेयकाची वाट पाहत आहोत?