हजेरीपटावरचे मोठे नाव

कोलकात्यात फुटबॉलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोहनबागान की ईस्ट बेंगॉल? या एका प्रश्नावर तेथे घराघरांत दोन तट पडतात. मोहनबागान जिंकले की कोळंबीचा बेत आणि ईस्ट बेंगॉल जिंकले की हिलसा माशाचा, अशी तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशा या शहरात राहूनही भारताचे एक थोर फुटबॉलपटू खेळाडू म्हणून या दोहोंपैकी एकाही संघाचे कधी झाले नाहीत. ते पूर्व रेल्वेचे होते, आणि १९६७ मध्ये पायांतील बूट उतरवेपर्यंत पूर्व रेल्वेचेच राहिले. प्रदीपकुमार बॅनर्जी हे त्यांचे नाव. देशाने त्यांना ‘पी. के.’ म्हणून ओळखले, तर बंगालने ‘प्रदीपदा’ म्हणून आपलेसे केले.

नोकरी म्हणजे गुणांना लागलेली गंज, असा एक समज आपल्याकडे फार रूढ आहे. महिन्याच्या महिन्याला वेतन हाती पडू लागले की माणसाची भूक मरते, असामान्य कर्तृत्व हे पाश तोडणाऱ्यांनाच साधते, असे सर्रास म्हटले जाते. हजेरीपटावर सही करणाऱ्या लक्षावधी माणसांनी हे इतक्या वेळा ऐकले आहे की त्यांनाही ते खरे वाटू लागले असावे. पी. के. यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे मात्र या समजुतीची फेरतपासणी करावीशी वाटते.

त्यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी उत्तर बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात, मोयनागुडी येथे झाला. बालपणाचा पुढचा काळ जमशेदपूरच्या पोलादनगरीत गेला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, १९५२ मध्ये, ते संतोष करंडक स्पर्धेत बिहारकडून खेळले. १९५४ मध्ये कोलकात्याच्या आर्यन संघात दाखल झाले आणि दुसऱ्याच वर्षी पूर्व रेल्वेत रुजू झाले. एका मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलाला शिरावरील जबाबदारी ओळखून जे करावे लागते, तेच त्यांनी केले. कायमची नोकरी मिळते आहे आणि चेंडूही सोडावा लागत नाही, याहून अधिक त्या काळी कोणी मागत नसे. त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, ढाक्यातील चौरंगी स्पर्धेत ते प्रथम भारतातर्फे मैदानात उतरले.

उजव्या बगलेवरून वाऱ्याच्या वेगाने मुसंडी मारणे आणि धावता धावताच गोलाच्या दिशेने जबरदस्त फटका लगावणे, ही त्यांच्या खेळाची खूण. असा खेळाडू कोलकात्यातील बड्या संघांना नको होता असे थोडेच आहे! परंतु ज्या संस्थेने भाकरी दिली, तिच्याच रंगांत खेळायचे, हा त्यांचा बाणा अखेरपर्यंत टिकला. या निष्ठेला १९५८ मध्ये जे फळ आले, ते कोलकाता लीगच्या इतिहासात आजही ठळकपणे उठून दिसते. त्या वर्षी पूर्व रेल्वेने मोहनबागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही बलाढ्य संघांना मागे टाकून लीगचे विजेतेपद पटकावले. या तिघांखेरीज अन्य संघाला ते पद पुन्हा मिळण्यास तब्बल ६१ वर्षे लागली. २०१९ मध्ये पीयरलेस संघाने ते मिळवले, तेव्हा जुन्या मंडळींना पहिली आठवण झाली ती रेल्वेच्या पी. के. यांचीच.

देशासाठी त्यांनी जे केले, तेही याच नोकरीत राहून. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. त्याच आघाडीच्या फळीत वीस वर्षांचे पी. के. होते. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये संघाचे नेतृत्व पी. के. यांच्याकडे होते. फ्रान्सविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताचा तो गोल कर्णधारानेच केला. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ आजवर ऑलिंपिकच्या मैदानावर उतरलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गोलाचे मोल आणखी जाणवते.

मग आले १९६२ चे जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारल्याबद्दल गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडा प्रशासकांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्यामुळे यजमान देशात भारताविषयी संतापाची लाट उसळली होती. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात सुमारे एक लाखाचा जमाव भारतीय संघाविरुद्ध आरडाओरडा करीत होता. समोर दक्षिण कोरिया, ज्याच्याकडून साखळीत भारत ०-२ असा हरला होता. बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत, तेही आघाडीच्या फळीत खेळत होते. सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी पहिला गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी दुसरा. सामना २-१ असा जिंकून भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे कर्करोगाशी झुंजत होते आणि पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले. २०२४ च्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने ही कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचवली.

चित्रपटात नाट्य असते. त्या संघाच्या उदरनिर्वाहाचा हिशेब मात्र पडद्यावर फारसा येत नाही, आणि विचार करण्यासारखी गोष्ट तीच आहे. पी. के. रेल्वेत होते. तुलसीदास बलराम यांनीही पुढे रेल्वेचीच वाट धरली. कर्णधार चुनी गोस्वामी बँकेच्या सेवेत राहिले. गोलरक्षक पीटर थंगराज यांची जडणघडण सैन्यदलाच्या संघात झाली. रहीम हे पेशाने शिक्षक आणि हैदराबाद सिटी पोलिसांच्या ज्या संघाला त्यांनी घडवले, त्याने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. आशियातील सर्वोत्तम ठरलेल्या या संघाच्या मागे रेल्वे, पोलीस, लष्कर आणि बँक यांचे हजेरीपट उभे होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मुंबईकरांनाही ही रीत अनोळखी नाही. टाइम्स शील्डच्या निमित्ताने कचेऱ्यांचे क्रिकेट संघ वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजत आले आणि त्यांतून कितीतरी मोठे क्रिकेटपटू पुढे आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो डावलण्याजोगा नाही. याच हौशी, नोकरदार व्यवस्थेत भारतीय फुटबॉल अडकून पडले आणि जग पुढे निघून गेले, असे जाणकार म्हणतात. देशांतर्गत सामने कित्येक वर्षे सत्तर मिनिटांचेच होत. आधुनिक प्रशिक्षण, आहार, वैद्यकीय साहाय्य यांची वानवा होती. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील कांस्यपदकानंतर भारताला या खेळात त्या स्पर्धेचे पदक मिळालेले नाही. त्या संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक पी. के. होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेव्हा जुने सारे सोने आणि नवे सारे पितळ, असा पक्ष मांडणे योग्य होणार नाही. व्यावसायिक फुटबॉलने खेळाडूला मानाचा मोबदला दिला, हे निर्विवाद आहे.

तथापि मोबदला आणि आधार या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकेत काम करणाऱ्यांना हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होणे वेगळे आणि दरमहा ठरावीक तारखेला वेतन जमा होत राहणे वेगळे. फुटबॉलपटूचा कमाईचा काळ जेमतेम दहा-बारा वर्षांचा. गुडघ्याच्या एका दुखापतीने तोही निम्म्यावर येऊ शकतो. तिशी ओलांडल्यावर पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे काय, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूच्या घरात कधी ना कधी उभा राहतोच. २०२५ मध्ये आयोजनाच्या हक्कांचा करार लांबल्याने देशातील सर्वोच्च लीग स्पर्धा वेळेवर सुरू होऊ शकली नाही आणि काही संघांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. तेव्हा नामवंत खेळाडूंचीही चिंता जाहीर झाली. मग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतील, ज्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत अशा मुलांच्या घरी काय घडले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पी. के. यांच्या पिढीपाशी पैसा बेताचा होता, पण पायांखाली जमीन होती. त्या जमिनीवर उभे राहून ते निर्धास्तपणे धावू शकले.

संस्थेने दिलेल्या या स्थैर्याची परतफेड पी. के. यांनी कशी केली, हे त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळात दिसले. ज्या दोन संघांच्या दारात ते खेळाडू म्हणून गेले नाहीत, त्या दोघांनाही त्यांनी प्रशिक्षक म्हणून वैभव मिळवून दिले. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बेंगॉलने मोहनबागानचा ५-० असा धुव्वा उडवला. नंतर ते मोहनबागानकडे आले आणि १९७७ मध्ये त्या संघाने आयएफए शील्ड, रोव्हर्स व ड्युरंड असे तिन्ही मानाचे करंडक जिंकले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला साक्षात पेले कॉसमॉस संघासह ईडन गार्डन्सवर आले. मोहनबागानने तो सामना २-२ असा बरोबरीत सोडवला. पेलेंना पाहण्यासाठी आलेले प्रेक्षक आपल्याच मुलांचे कौतुक करीत घरी परतले.

सामन्यापूर्वी पी. के. खेळाडूंना जे बोलत, त्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ असे नाव पडले होते. त्यात खेळाच्या डावपेचांइतक्याच गोष्टी असत, थट्टा असे, प्रसंगी डोळ्यांत पाणी आणणारे शब्दही असत. औषधाच्या बाटलीवाचून दिलेले हे टॉनिक कसे लागू पडे, याची प्रचिती १३ जुलै १९९७ रोजी आली. फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांचे ईस्ट बेंगॉल आणि अमल दत्त यांचे मोहनबागान समोरासमोर होते. सॉल्ट लेकच्या मैदानावर १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षक जमले होते. दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेचा गाजावाजा झाला होता आणि सामन्याआधी त्यांनी तरुण बायचुंग भुतियाची ‘चुंगचुंग’ म्हणून टिंगल केली होती. पी. के. यांनी जाहीर वादाला तोंड फोडले नाही. ते शब्द त्यांनी खेळाडूंच्या मनात नेमक्या जागी ठेवून दिले, असे मैदानावरची मंडळी सांगतात. ईस्ट बेंगॉल ४-१ असे जिंकले. भुतियाने तीन गोल केले. एकसष्ट वर्षांच्या शिक्षकाने विशीतल्या मुलाच्या अपमानाचे बळात रूपांतर केले होते. कनिष्ठ सहकाऱ्याचा कोणी अवमान केला, तर वरिष्ठाने काय करावे, याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ कोणत्या कार्यालयात मिळेल?

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९९० मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये फिफाचा शताब्दी सन्मान असे अनेक मान त्यांच्याकडे चालत आले. २० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस, ३० एप्रिलला चुनी गोस्वामी गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम. जकार्त्याच्या आघाडीच्या फळीतील ते त्रिकूट आता आठवणींत उरले आहे.

अशा माणसांचे स्मरण करायचे ते कसे? पुतळे उभारले जातात, मैदानांना नावे दिली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पी. के. यांचे खरे स्मारक त्यांच्यासारख्या एखाद्या मुलाला आजही नोकरी आणि खेळ या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागू नये, हे असेल. सार्वजनिक संस्थांनी आणि बँकांनी खेळाडूंना सेवेत घेण्याची परंपरा आटू देता कामा नये. खेळाडूची नियुक्ती ही जाहिरातीची बाब नसून समाजाच्या खात्यात केलेली दीर्घ मुदतीची ठेव आहे, हे मानले तरच ती परंपरा टिकेल. खेळ संपल्यावर त्या माणसाला कामाचे प्रशिक्षण, बढतीची समान संधी आणि सहकाऱ्यांचा आदर मिळाला पाहिजे. ‘खेळाच्या कोट्यातला’ हे शब्द हेटाळणीने उच्चारले जाणार नाहीत, एवढे तर प्रत्येक शाखेच्या हाती आहे. गावातल्या एखाद्या होतकरू खेळाडूच्या पालकांना बचतीचे, विम्याचे, निवृत्तीनंतरच्या तरतुदीचे चार शब्द सांगणे, हेही बँक कर्मचाऱ्याच्या आवाक्यातले काम आहे.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २३ जून हा पी. के. यांचा जन्मदिवस तळागाळातील फुटबॉलसाठी वाहिलेला दिवस म्हणून निवडला. त्या दिवशी कुठल्याशा मैदानावर एखादा मुलगा उजव्या बगलेवरून जीव तोडून धावत असेल. त्याच्या पायांतील वेग त्याचा स्वतःचा आहे. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याच्या घरी चूल पेटती राहील की नाही, याचे उत्तर मात्र त्याच्या एकट्यापाशी नाही. ते देणे आपल्या सर्व संस्थांचे आहे.