खेळ आणि पगारपत्रक

घरातील मुलगा खेळात चमकू लागला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'खेळून पोट भरेल काय?' पेडणे तालुक्यातील पार्से गावी, भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत चेंडूमागे धावणाऱ्या मुलांच्या घरी तो जितका खरा, तितकाच परप्रांती वसलेल्या आपल्या बिऱ्हाडांतही खरा. मुंबई गाठून नोकरी धरावी, ही पेडण्याकडील कित्येक पिढ्यांची वाट. खेळाच्या बळावरही नोकरी मिळते, हे गोमंतकाने पाहिले ते फुटबॉलमध्ये. त्या काळातील ठळक नाव म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर.

१९५४ साली जन्मलेल्या या गोलरक्षकाने कारकिर्दीचा बहुतांश काळ साळगावकर क्लबाची बाजू राखली. संतोष करंडक गोव्याला १९८३ मध्ये बंगालसमवेत विभागून आणि १९८४ मध्ये निर्विवाद मिळाला, तो याच काळात. १९८३ ते १९८६ या वर्षांत त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले. अर्जुन पुरस्कार मात्र उमेदीची वर्षे सरल्यावर, १९९७ मध्ये पदरी पडला.

राष्ट्रीय फुटबॉल लीग आपल्याकडे सुरू झाली तीच मुळी १९९६ मध्ये. तत्पूर्वी गोव्यात खेळाडूंचा पोशिंदा होता तो खाण-उद्योग. खाणमालकांनी क्लब काढले, होतकरू खेळाडूंना आपल्या कंपन्यांत नोकऱ्या दिल्या. हजेरीपटावर नोकरदार आणि मैदानावर मानकरी, असे ते दुहेरी जिणे होते.

ही रीत केवळ आपली नव्हे. अमेरिकेतील बास्केटबॉलचे आरंभीचे धंदेवाईक खेळाडूही असेच घडले. १९३७ साली तेथील राष्ट्रीय बास्केटबॉल लीग उभी राहिली ती जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन आणि गुडइयर या कंपन्यांच्या पुढाकाराने. कारखान्यात काम आणि संघात खेळ, असा कित्येकांचा क्रम असे. १९४९ साली ही लीग दुसऱ्या संघटनेशी एकरूप झाली आणि एन.बी.ए. जन्मास आली. पुढे खेळाने कारखान्याचे बोट सोडले.

गोव्यातील आश्रय मात्र डळमळला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये, नव्या रचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार हे न रुचल्याने, साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. खेळाडूचे कसब तेच राहिले; त्याच्या पायाखालचे मैदान तेवढे सरकले.

म्हणून वाचकहो, मुलाला खेळापासून परावृत्त करा, असे आम्ही म्हणणार नाही. 'पोट भरेल काय?' या प्रश्नाला आणखी दोन प्रश्नांची जोड द्यावी, इतकेच आमचे सांगणे: पगार कोण देणार, आणि तो हात आखडला तर पुढे काय? मुलाच्या हाती चेंडूबरोबर एखादी विद्या असेल, तर या दोन्ही प्रश्नांना तो निर्भयपणे सामोरा जाईल.