त्या बायकांना देव्हाऱ्यात बसवू नका

न्यूझीलंडमधल्या माओरी चित्रकार बायकांविषयी काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ठरलेले शब्द भेटतात: पूर्वज, भूमी, अध्यात्म. कलादालनांच्या माहितीपत्रकांना हे शब्द फार प्रिय. आणि आपल्या चळवळीतल्या मैत्रिणी नेमक्या याच शब्दांपाशी थबकतात. ‘आपण इथे बाईला देवीच्या मखरातून बाहेर काढायला झटतोय आणि तू आम्हाला भूमाता नि आदिमाता दाखवतेस?’ असं मला गटात तोंडावर विचारलं गेलं आहे. प्रश्न रास्त आहे. पण माझं म्हणणं असं, की हात जोडणारे आणि पाठ फिरवणारे, दोघंही या चित्रांना देव्हाऱ्यातच बसवतात. चित्रातली बाई काय म्हणते आहे, ते ऐकायचं राहूनच जातं.

रॉबिन काहुकिवा यांचंच पाहा. १९३८ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीला जन्म. आई माओरी. एकोणिसाव्या वर्षी त्या न्यूझीलंडला आल्या आणि आपलं मूळ शोधत शोधत चित्रं काढायला स्वतःच शिकल्या. ‘वाहिने तोआ’, म्हणजे लढाऊ बायका, ही त्यांची चित्रमालिका १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. १९८४ मध्ये माओरी लेखिका पॅट्रिशिया ग्रेस यांच्या शब्दांसह तिचं पुस्तक निघालं. माओरी पुराणकथा तोवर जगाला ठाऊक होत्या त्या मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी लिहून घेतलेल्या. त्यात नायक माउई. त्याला अग्नी देणारी माहुइका, जबड्याचं हाड देणारी मुरिरांगा-फेनुआ, जन्म देणारी तारांगा या साऱ्याजणी त्याच्या वाटेवरच्या पायऱ्या. काहुकिवांनी या बायकांना चित्राच्या मध्यभागी आणलं.

त्यातली हिने-तितामाची कथा ऐका. ताने या देवाने लाल मातीतून पहिली बाई घडवली, तिच्यापासून त्याला मुलगी झाली, तीच हिने-तितामा. पुढे त्याने मुलीलाच बायको केलं. ‘माझा बाप कोण?’ असं तिने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, घराच्या खांबांना विचार. सत्य कळल्यावर ती निघाली, अंधाराच्या लोकात गेली आणि हिने-नुई-ते-पो झाली, मृत्यूची स्वामिनी, मेलेल्या लेकरांना कुशीत घेणारी. ती लाजेने पळाली, असं आजवर सांगितलं गेलं. माओरी बायका म्हणतात, तिने निर्णय घेतला. बापाचं घर सोडलं आणि स्वतःची सत्ता उभी केली. मैत्रिणींनो, घरातल्याच पुरुषाने केलेल्या अत्याचाराच्या किती केसेस आपल्या सल्ला केंद्रांत येतात! ‘तिनेच तोंड लपवावं’ असं सांगणारं जग आपल्या ओळखीचं आहे. मग या चित्राला नुसतं ‘आध्यात्मिक’ म्हणून कसं भागेल?

पुराण उलटं वाचणं आपल्यालाही नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या वाचल्या, तेव्हा त्यांना कुणी भाविक म्हटलं नाही.

आता भूमीकडे येऊ. माओरी भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे जमीन आणि ‘फेनुआ’ म्हणजे वारही. बाळाची वार मातीत पुरायची त्यांची रीत आहे. ‘हापू’ म्हणजे कुळगट आणि ‘हापू’ म्हणजे गरोदरही. त्यामुळे पापातुआनुकु ही धरणीमाता रंगवणं ही गोड कविकल्पना नव्हे. १८४० साली वाइतांगीचा तह झाला. १८६३ च्या कायद्याने सरकारशी लढणाऱ्या जमातींच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. १८६५ मध्ये खास न्यायालय बसवून सामूहिक जमिनीचे वैयक्तिक हक्क पाडले गेले, म्हणजे विकत घेणाऱ्याची सोय झाली. १९०७ मध्ये तर त्यांच्या पारंपरिक वैदू-पुरोहितांवरच कायद्याने बंदी आली. तो कायदा रद्द व्हायला १९६२ उजाडलं. ज्या समाजाचं अध्यात्म सरकारने गुन्हा ठरवलं, त्या समाजातल्या बाईने ते भिंतभर रंगवणं हे राजकारणच आहे. १९७५ मध्ये ऐंशीच्या घरातल्या फिना कूपर यांनी जमिनीसाठी उत्तर टोकापासून संसदेपर्यंत मोर्चा नेला. ही चित्रं त्या मोर्च्याच्या पाठोपाठची आहेत. एमिली काराका यांचे भडक रंग आणि चित्रात घुसलेले शब्द पाहा. तह, मोडलेली वचनं, गेलेली जमीन, सगळं तिथे बोलतं.

आणि हा झगडा फक्त गोऱ्यांशी नव्हता. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘ते माओरी’ हे गाजलेलं प्रदर्शन भरलं. लाकूड, दगड, हाड यांतलं कोरीव काम, म्हणजे पुरुषांची कला, तिथे दिमाखात होती. बायकांचं विणकाम वगळलं होतं. नाहुइआ ते आवेकोतुकु यांच्यासारख्या विदुषींनी त्यावर परखड टीका केली. १९८३ मध्येच माओरी बायकांनी ‘हाएआता’ हा आपला कलागट काढला होता. १९८६ मध्ये त्यांनी ‘करांगा करांगा’ हे प्रदर्शन स्वतः भरवलं.

सर्वांत अवघड प्रश्न पूर्वजांचा. आपल्याकडे वंश म्हटलं की गोत्र आलं, जात आली, बाईच्या गर्भाशयावरचा पहारा आला. म्हणून आपण बिचकतो, आणि बिचकायलाच हवं. पण माओरींची ‘फाकापापा’, म्हणजे वंशसाखळी, आईकडूनही मोजली जाते आणि तिच्यातून बाईला जमिनीचा हक्क पोचतो. १८९३ मध्ये मेरी मांगाकाहिआ माओरी संसदेत उभ्या राहिल्या आणि बायकांना मत द्या, सभासदत्व द्या, असं म्हणाल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: आम्ही जमिनीच्या मालक आहोत. इथे पूर्वजांची यादी सातबाऱ्यासारखी पुढे केली जाते. आपल्या गावात किती जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत, ते मोजा, म्हणजे फरक कळेल.

तरी सारं आलबेल आहे असं नाही. आपल्या मानमरातबाचं आणि हक्कांचं सरकारने नुकसान केलं, असा दावा माओरी पुढारी बायकांनी १९९३ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणात दाखल केला. त्याची सुनावणी सुरू व्हायला २०२१ साल उजाडलं. २०२४ मध्ये ‘माताहो’ या चार माओरी बायकांच्या कलागटाला व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात सुवर्णसिंह मिळाला. कलाकृती विणकामाच्या परंपरेतली! बक्षीस लवकर मिळतं, न्यायाला तीन दशकं लागतात. म्हणूनच मला कौतुकाच्या शब्दांचा धाक वाटतो.

काहुकिवा २०२५ मध्ये गेल्या. आता त्यांना ‘माता’ करणं आणखी सोपं होईल. माझी गटांना विनंती आहे: ही चित्रं शिबिरात जरूर लावा, पण हार घालू नका. प्रत्येक चित्रापुढे तीन प्रश्न विचारा. ही कथा आजवर कोण सांगत होतं? जमीन कुणाच्या नावावर गेली? आणि ही बाई घर सोडून निघाली, तेव्हा तिला लाज वाटायला हवी असं कुणी ठरवलं?