कूपर, टॅनर आणि आपले हसू

कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा, टायलर म्हणजे छपरावर कौले बसविणारा, मेसन म्हणजे गवंडी आणि टॅनर म्हणजे कातडी कमावणारा. ही धंद्यांवरून पडलेली जुनी इंग्रजी आडनावे आज अमेरिकेत लाडाने बाळांना ठेवली जातात, आणि २०११ साली तर मुलांच्या नावांत मेसनचा क्रमांक साऱ्या देशात दुसरा होता, हे ऐकून येथल्या आपल्या मराठी मंडळींना हसू लोटते. ‘म्हणजे आपण मुलाचे नाव सुतार ठेवण्यासारखेच की!’ हा विनोद स्नेहभोजनाच्या पंक्तीत मी अनेकदा ऐकला आहे, आणि दर वेळी मला वाटले आहे, की यात हसे होते ते त्या बाळाचे नव्हे, आपले.

कोणी म्हणेल, की त्या मातापित्यांच्या मनात गवंडीकाम मुळीच नसते, त्यांना केवळ नावाचा नाद आवडतो. खरे आहे, परंतु माझा मुद्दा त्या विस्मरणाचाच आहे. इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकरी बंडाचा पुढारी वॉट टायलर याच्या काळी अशी नावे धंद्याला चिकटलेली असत. पुढे धंदा सुटला, नाव उरले, आणि १८४१ साली जॉन टायलर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याला कौले शाकारता येतात काय, असे विचारण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. आपल्याकडे धंदा सुटला तरी जात सुटली नाही. सुतारांचा मुलगा येथे अमेरिकेत येऊन संगणकतज्ज्ञ झाला, तरी आडनाव कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनातले दप्तर उघडते आणि त्याची नोंद जुन्याच रकान्यात होते. वास्तविक फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावेही चाकरीचीच, तीही फारसी वळणाची. पण लेखणीच्या चाकरीचा वारसा आपण मिरवितो आणि करवत, चाक, रापी यांचा आला की आवाज खाली उतरवितो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांची नावे वारकरी मात्र शतकानुशतके धंद्यासकट, आदराने घेत आले आहेत.

बारशाला कुंभार किंवा सुतार हे नाव ठेवावे, असा माझा आग्रह नाही. शेजारच्या टॅनरला हसण्यापूर्वी, घरी एखादे स्थळ सांगून आले असता आपण मुलाच्या शिक्षणाच्याही आधी त्याचे आडनाव का विचारतो, याचा जबाब प्रत्येकाने स्वतःपाशी द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.